सांगणाऱ्याचं टेबल

महेश विधाते गुडघ्यांवर रांगत पुढे सरकला आणि हातातली काडेपेटी त्याने खडूच्या रेषेवर ठेवली. वरून कुणीतरी म्हणालं, तिथं नाही, पलीकडच्या फाटकाशी. त्याने ती उचलून पलीकडे ठेवली. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, ते फाटक तर कायम बंद असतं.

कलेक्टर कचेरीच्या सभागृहात खुर्च्या भिंतीला लावून फरशीवर खडूने धावपट्टी काढली होती. काडेपेट्या म्हणजे अग्निशमन दलाचे बंब, साबणाच्या वड्या म्हणजे रुग्णवाहिका, पाण्याचा तांब्या म्हणजे नियंत्रण मनोरा, आणि मधोमध आडवं पडलेलं स्टेपलर म्हणजे अपघातात सापडलेलं विमान. साल दोन हजार चार. शहराबाहेरच्या धावपट्टीवरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू होणार अशी बोलवा होती, आणि विमान उडायच्या आधीच, ते पडलं तर काय कराल ते करून दाखवा, असा वरून हुकूम आला होता. आराखडा लिहायचं काम नायब तहसीलदार म्हणून महेशच्या गळ्यात पडलं. पोलीस, बंबवाले, सरकारी दवाखाना, विमानतळाची माणसं, वीज मंडळ, सगळ्यांना एका माळेत ओवायचं. फुलांच्या मळ्यात वाढलेला माणूस तो, माळ ओवणं त्याला येत होतं. पण फुलं एकमेकांशी भांडत नाहीत.

इथे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. बंबवाल्यांना आधी आत जायचं होतं, पोलिसांना आधी रस्ता अडवायचा होता. पिंपळगावकडून येणारे द्राक्षांचे टेम्पो हायवेवर थांबवायचे कसे, यावर तासभर गेला. जखमी व्हायला धावपट्टीशेजारच्या गावातली माणसं हौसेने तयार होती. लाल रंग फासून घ्यायचा आणि वर नाश्ता. पण मेलेला व्हायला कुणी तयार होईना. तलाठ्याने सांगितलं, साहेब, पांढरी चादर अंगावर घ्या म्हटलं की माणसं मागच्या दाराने पळतात. शेवटी मेलेल्यांच्या जागी कांद्याच्या गोण्या ठेवायच्या ठरल्या. एकेका गोणीला नावाची चिठ्ठी. मार्केट यार्डातून गोण्या आणायची जबाबदारीही महेशवरच आली.

बैठक चालवणाऱ्या उपजिल्हाधिकारी मॅडम मुंबईकडच्या होत्या, बोलायला नेमक्या. त्यांनी चिंचोक्यांची मूठ फरशीवर सोडली. हे नातेवाईक, म्हणाल्या. विमान पडल्याची बातमी कळली, घरोघर फोन करायचे आहेत. कोण करेल?

फोन पोलीस करतात, म्हणून हवालदार वाल्मीक घुगे पुढे आले. माणूस जुना, सिन्नरकडचा, शांत. डस्टर कानाला लावून त्यांनी करून दाखवलं.

"हॅलो. हां, तुमच्या भावाला जरा लागलंय. सीरियस आहे. घाबरू नका, पण लगेच निघून या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमनी मात्र हातातला कागद पाहिला.

"घुगे, तो माणूस मेलाय."

"हो मॅडम. म्हणून तर सीरियस म्हटलं."

कुणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं कुणाला काही दिसलं नाही. मेलेल्याला मेला म्हणायचं नाही, सीरियस म्हणायचं, ही सगळ्यांचीच रीत. सांगणारा सुटतो, ऐकणारा बिचारा थर्मासमध्ये चहा आणि पिशवीत धुतलेले कपडे घेऊन एसटीत बसतो, आणि दारातली गर्दी पाहून जे समजायचं ते समजतो. डॉक्टर म्हणाले, आम्हीही तेच करतो. बंबवाले म्हणाले, आम्ही तर काही बोलतच नाही.

"मग बघा काय होतं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी सगळे चिंचोके दवाखान्याच्या खुणेशी ढकलले. सीरियस म्हटल्यावर माणूस दवाखान्यातच धावणार. साबणाच्या वड्यांना आत शिरायला जागाच उरली नाही. जिवंत माणसं बाहेर रस्त्यावर आणि मेलेल्यांचे नातेवाईक दारात. गावाकडची एवढी साधी रीत, तिने सगळा आराखडा आडवा केला.

तेव्हा ठरलं ते असं. धावपट्टीजवळच्या शाळेत नातेवाइकांचं एक टेबल मांडायचं. फोनवर फक्त शाळेत या म्हणायचं, आणि टेबलावर खरं सांगायचं, समोर बसवून, स्पष्ट शब्दांत. यावर कुणाचं दुमत नव्हतं. फक्त मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, यावर सगळे एकदम नम्र झाले. पोलीस म्हणाले, आमचं काम पंचनाम्याचं. डॉक्टर म्हणाले, आम्ही मृत घोषित करतो, घरी कळवणं आमच्याकडे येत नाही.

मॅडमनी फरशीवर बसलेल्या महेशकडे पाहिलं. "विधाते, आराखडा तुमचा आहे. तुम्हीच बसा त्या टेबलाशी."

हो मॅडम, म्हणाला तो. त्याच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले होते, ते त्याने खिशात घातले आणि नंतर दिवसभर त्याची पँट पांढरी होत राहिली.

तिथे बसलेल्यांपैकी कुणाला काय ठाऊक, हा माणूस स्वतःच्या घरात काय करत होता. महेशचा थोरला भाऊ चंदर आखातात क्रेनवर कामाला होता. बाप चिमाजी लवकर गेला, तेव्हा चंदरने शाळा सोडून मळा धरला आणि महेशला शिकवलं. बायकोशी काडीमोड झाला, पोरबाळ नव्हतं, मग तो मस्कतला निघून गेला. आई साळूबाईच्या छातीचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात तिकडून फोन आला. फोनवरचा माणूस हिंदीत म्हणाला, आपका भाई सीरियस है. महेश मराठी माणूस, त्याला लगेच कळलं.

आईला आत्ता काही कळू देऊ नका, असं दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं. बरोबरच होतं ते. पेटी मुंबईला उतरली, तिथून परस्पर नाशकात आणली, अमरधामात अग्नी दिला. दशक्रियेला महेश रामकुंडावर बसला. डोक्याचे केस गेले, मिशी गेली. आई घरी आली तेव्हा त्याने सांगितलं, तुझ्यासाठी तिरुपतीला नवस बोललो होतो. प्रसाद म्हणून नाशिक रोडच्या मिठाईवाल्याकडचा मोठासा लाडू तिच्या हातावर ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय एकदा लागली की मग लपवायला भांडीही सापडत जातात. चंदरचा फोन का येत नाही? त्याची साइट आत वाळवंटात गेलीय, तिथं फोन नाय. पत्र? तिथं पोस्ट नाय. सगळी आळी तोंडाला कुलूप लावून बसली. शेजारची मंगलाबाई तर साळूबाईसमोर यायचंच टाळायची, कारण तिला रडू आवरत नसे.

पुढे एका तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता सांगायला हरकत नाही, फक्त बेताने. त्यालाही महिना उलटून गेला होता. आज सांगू, उद्या सांगू. जेवायला बसली की वाटे, जेवू दे. जेवून झाली की वाटे, आता झोपू दे.

आणि एक गोष्ट त्याने बायकोलाही, सुवर्णालाही सांगितली नव्हती. रामकुंडावर पिंड ठेवला तेव्हा कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. पुंजामामा हात जोडून म्हणाले, चंदर, तुझ्या आईला आम्ही सांभाळू. उतरला नाही. मळा मोडणार नाही. उतरला नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेव्हा महेश मनातल्या मनात म्हणाला, दादा, आईला मी सांगतो. दुसऱ्या कुणाकडून कळू देत नाही, माझ्या तोंडाने सांगतो. कावळा उतरला. असल्या गोष्टींवर त्याचा फार विश्वास होता असं नाही. पण त्या दिवसापासून कुठे कावळा ओरडला की त्याला वाटे, हिशेब विचारतोय.

सरावाची तारीख जवळ आली तशी त्याची झोप उडाली. जेवताना तो मध्येच उठे, अंगणात जाऊन स्कूटर नीट लावलीय का बघे, परत येऊन बसे. सुवर्णा एकदा म्हणाली, विमान पडायच्या आधीच तुम्ही पडाल.

नातेवाईक व्हायला महेशच्याच गावातल्या बायका येणार होत्या. त्यांना समजावून सांगायला महेशने त्यांना मारुतीच्या सभामंडपात बोलावलं. प्रत्येकीला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तिच्या माणसाचं नाव. टेबलाशी यायचं, नाव सांगायचं, आम्ही काय झालं ते स्पष्ट सांगू. तुम्ही ऐकायचं, हवं तर रडायचं, मग लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसायचं. बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मंगलाबाईने विचारलं, खोटं रडायला येतंय कुणाला? भागीबाई म्हणाली, सासू आठव, येईल. 

साळूबाई मागे खांबाला टेकून झेंडूच्या माळा करत बसली होती. सकाळच्या बाजाराची फुलं होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. देऊळ घरासमोरच, म्हणून आली. सगळं ऐकून घेऊन तिने सुई तशीच हातात धरली.

"त्या टेबलावर खोटं बोलायचं नाय, असा नेम हाय का?"

"हो आई," महेश म्हणाला. "तसा नियमच केलाय."

तिने मान हलवली आणि पुढचं फूल घेतलं. घरी येताना महेशच्या लक्षात आलं, गेल्या पंधरवड्यात तिने चंदरचं नाव काढलेलं नाही. आधी त्याला जरा हलकं वाटलं. मग तेच बोचायला लागलं.

सरावाच्या दिवशी आईला घरातून हलू देऊ नको, असं त्याने सुवर्णाला बजावलं. भोंगे वाजतात, धूर होतो, तिच्या छातीला झेपायचं नाही. सुवर्णा हो म्हणाली, पण साळूबाईला अडवणं तिला कधी जमलं होतं म्हणून आता जमणार!

सकाळी भोंगा झाला आणि सगळं खडूच्या चित्रासारखंच व्हायला लागलं, म्हणजे फाटकाशी बंब आणि पोलिसांची जीप समोरासमोर आली आणि दोन्हीही मागे हटेनात. धावपट्टीच्या टोकाला जुने टायर पेटवले होते, त्यांचा धूर शेवंतीच्या वाफ्यांवरून शाळेकडे येत होता. लाल रंगातली माणसं स्ट्रेचरवर पडून एकमेकांना हाका मारत होती. कांद्याच्या गोण्या चादरी पांघरून एका ओळीत झोपल्या होत्या. शाळेच्या ओट्याशेजारी दोन रुग्णवाहिका आणि सरकारी दवाखान्याचे एक डॉक्टर उभे होते.

ओट्यावर टेबल, टेबलाशी महेश आणि शेजारी यादी घेऊन हवालदार घुगे. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि पेले. ही कल्पना महेशचीच. ऐकणाऱ्याला आधी पाणी द्यायचं, असं त्याने आराखड्यात लिहिलं होतं. फुलांच्या टेम्पोतून बायका उतरल्या, रांगेला लागल्या. पहिल्या दोघींना महेशने नीट सांगितलं. आवाज कापला नाही. तुमचे यजमान आता हयात नाहीत. दुसरी बाई हसत हसत उठली. जमतंय की, असं त्याला वाटलं, आणि त्याने वर पाहिलं तर समोरच्या खुर्चीत साळूबाई बसत होती. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मागे मंगलाबाई उभी होती, तिचा चेहरा उतरला होता.

साळूबाईने रांगेतल्या कुणाकडून तरी मागून घेतलेली चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली.

"चंदर चिमाजी विधाते," ती म्हणाली.

घुग्यांनी यादीवरून बोट फिरवलं. हे नाव यात नाही मावशी, चिठ्ठीवरचं सांगा, असं ते म्हणू लागले, तेवढ्यात महेशने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आई, तू घरी चल. मी संध्याकाळी..."

"संध्याकाळी तू मळ्यात निघून जातो. घरी इचारलं का तू वाळवंट सांगतो." ती हळूच बोलत होती, मागच्या बायकांना ऐकू जाऊ नये अशी. "इथं खोटं बोलायचं नाय, असा नेम तूच सांगितला. म्हणून इथं आले. डागदर बी हायेत. मला काय झालं तर लांब न्यायला नको."

महेश टेबलावरचे पेले एका ओळीत लावू लागला.

"मागं आळीतल्या भिमाबाईनं तिरुपतीचा लाडू दिलता मला. त्याला कापराचा वास व्हता. तुझ्या लाडवाला नव्हता," साळूबाई म्हणाली. "तवाच वळखलं, तुझे केस तिरुपतीला गेले नाय. पर म्हटलं, सांगल पोरगं. वाट पाह्यली. आता जे असंल ते सांग. सीरियस म्हणू नको."

पाठ केलेलं वाक्य त्याला आठवेना. हयात हा शब्दच आठवेना.

"दादा गेला, आई."

तिचा तळहात टेबलावर होता. लाकडावर सांडलेलं काहीतरी पुसावं तसा ती तो फिरवत राहिली.

"कवा?"

"तू दवाखान्यात होतीस तेव्हा. कामावर. क्रेन कलंडली. जागीच गेला, त्याला कळलंसुद्धा नसंल."

"गावात आणलाच नाय?"

"नाशकातच... अमरधामला. पुंजामामा होता. सगळे होते."

सगळे होते, हे बोलून गेल्यावर त्याला वाटलं, जीभ तोडून टाकावी. साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं होतं, पण आवाज तसाच होता.

"दहावा?"

"रामकुंडावर. मीच बसलो."

"कावळा शिवला?"

"उशिरा शिवला."

"काय कबूल केलं तू?"

टायरांचा धूर आता ओट्यापर्यंत आला होता, म्हणून महेशने डोळे पुसले तरी कुणाला वावगं वाटलं नसतं. पण त्याने पुसले नाहीत.

"तुला सांगीन म्हणून. माझ्या तोंडानं."

साळूबाईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्याने काही मोडलं-तोडलं की ती अशीच बघायची, मारायची नाही.

"आन् एवढे दिवस माझ्या चंदरला ताटकळत ठेवलंस व्हय रे," ती म्हणाली.

मग टेबलाला धरून ती उठली. मागं बाया खोळंबल्यात, असं काहीसं पुटपुटली. डॉक्टर एक पाऊल पुढे आले, तिने हाताने त्यांना राहू द्या अशी खूण केली आणि लिंबाच्या झाडाकडे चालू लागली, आराखड्यात लिहिलं होतं तशीच. मंगलाबाईने आपली चिठ्ठी टाकून दिली आणि धावत जाऊन तिला कवेत घेतलं. मग भागीबाई गेली. मग रांगच मोडली. लिंबाखाली पहिला हंबरडा उठला तो मंगलाबाईचा; इतके महिने दाबून धरलेला, तो तिला आता आवरेना.

मैदानाच्या पलीकडून मॅडमनी ते पाहिलं आणि हात उंच करून, फार छान, अशी खूण केली.

थोड्या वेळाने सराव संपल्याचा लांब भोंगा झाला. स्ट्रेचरवरची माणसं उठली, अंगावरचा रंग पुसत नाश्त्याकडे निघाली. कांद्याच्या गोण्यांवरच्या चादरी कुणीतरी झटकून घड्या घालायला घेतल्या. बंबवाले पाइप गुंडाळू लागले. लिंबाखालच्या बायका तेवढ्या उठल्या नाहीत.

घुग्यांनी यादी मिटली. त्यांना बहुतेक सगळं समजलं होतं, तरी विचारणं त्यांचं काम होतं.

"साहेब, सराव संपला म्हणून त्यांना सांगू का?"

"नको," महेश म्हणाला.

आईला पाणी द्यायचं तो विसरला होता. त्याने टेबलावरचा तांब्या आणि एक पेला उचलला आणि लिंबाकडे निघाला.